एका विशेषणाचे भाषांतर

सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे आलेल्या कामांपैकी सर्वांत लहान काम मला सर्वांत जास्त दिवस पुरले. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित प्राध्यापिकेला विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेच्या संविधानातील निवडक तरतुदींचा मराठी अनुवाद हवा होता. कायद्यांची भाषांतरे करण्यातच माझी नोकरी गेली असल्यामुळे आठवड्याभरात काम हातावेगळे करून देते, असे मी तिला सांगून टाकले. तसे झालेही, एक वाक्य सोडून. दुसऱ्या अनुच्छेदाचा चौथा विभाग म्हणजे जेमतेम एक वाक्य आहे. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि सर्व मुलकी अधिकारी यांच्यावर देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ यांबद्दल महाभियोग होऊन ते दोषी ठरल्यास त्यांना पदावरून दूर केले जाईल, एवढाच त्याचा आशय. देशद्रोहापाशी मी क्षणभर थबकले, कारण आपल्याकडे देशद्रोह आणि राजद्रोह हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. लाचखोरीची काही अडचण नव्हती. त्यापुढच्या शब्दांवर मात्र पेन्सिल थांबली ती थांबलीच.

माझ्या वहीत पहिला प्रयत्न अजून आहे : ‘अन्य मोठे गुन्हे व किरकोळ अपराध’. शब्दकोशाला धरून चालले तर हेच हाती येते, कारण आजच्या अमेरिकी न्यायालयांत मिसडिमीनर म्हणजे हलक्या शिक्षेचा, लहान गुन्हा. मग ज्या तरतुदीने जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला घरी पाठवायचे, तिच्यात सिग्नल मोडण्याच्या पंक्तीतले अपराध कसे येऊन बसले? खरी गोम ‘हाय’ या विशेषणात आहे, हे कळायला मला बरेच वाचन करावे लागले. जुन्या इंग्रजी कायद्यात राजाविरुद्धचा द्रोह ‘हाय’ आणि नोकराने धन्याचा किंवा बायकोने नवऱ्याचा केलेला खून हा ‘पेटी’, म्हणजे धाकटा द्रोह मानला जात असे. दोन्हींना शिक्षा मृत्यूचीच होती. मग विशेषण मोजत काय होते? घाव कोणावर पडला, हे मोजत होते. राज्यसंस्थेवर पडलेला घाव तो ‘हाय’. चौदाव्या शतकापासून इंग्लंडची पार्लमेंट राजाच्या मंत्र्यांना ज्या कारणांसाठी खेचत आली, त्यांत फौजदारी कायद्यात कुठेही न सापडणाऱ्या गोष्टी होत्या : नेमून दिलेल्या कामाची हेळसांड, खजिन्याची उधळपट्टी, राजाला दिलेला घातक सल्ला.

हे सगळे मी माझ्या भाचीला फोनवर सांगत असे. ती न्यू जर्सीत राहते, तिथली नागरिक आहे, मतदान करते आणि माझ्या भाषांतराच्या अडचणींत तिला तिच्या वाट्याचे राजकारण दिसत असे. तिचा प्रश्न सरळ होता. ‘मावशी, गुन्हाच सिद्ध झाला नाही तर निवडून आलेल्या माणसाला काढायचं कशाच्या जोरावर? चार वर्षांनी लोक बघतीलच की.’ मला तेव्हा उत्तर देता आले नाही. किंबहुना त्या वेळी माझेही मत तिच्यासारखेच होते. आयुष्यभर कलम, उपकलम, परंतुक यांच्यात वावरलेल्या माणसाला शिक्षेआधी गुन्ह्याची व्याख्या लागतेच.

उत्तराचा पहिला तुकडा फिलाडेल्फियात सापडला. ८ सप्टेंबर १७८७ रोजी संविधान सभेपुढे जो मसुदा होता त्यात महाभियोगाची कारणे दोनच होती, देशद्रोह आणि लाचखोरी. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले की, एवढ्याने भागणार नाही, अनेक मोठे आणि घातक अपराध देशद्रोहाच्या व्याख्येत बसतच नाहीत; हेस्टिंग्ज देशद्रोही नव्हे. हे नाव वाचून मी चष्मा काढून ठेवला. हेस्टिंग्ज म्हणजे आपले वॉरन हेस्टिंग्ज, ‘आपले’ हा शब्द नाना फडणवीसांची क्षमा मागून वापरते. बंगालकडून फौज जमिनीवरून पश्चिमेकडे धाडणारे, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ साली सालबाईचा तह करून मराठ्यांशी चाललेले युद्ध संपवणारे गव्हर्नर जनरल. एडमंड बर्क यांनी १७८६ साली त्यांच्याविरुद्ध जी आरोपकलमे मांडली, त्यांत बनारसचा राजा चेतसिंह आणि अवधच्या बेगमा यांच्याबरोबर मराठ्यांशी झालेले युद्ध व तह यांचेही एक कलम होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला कोणत्या वर्तनासाठी काढता यावे, हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी हिंदुस्थानातला कारभार होता. शाळेत आपण सालबाईचा तह सनावळीसाठी पाठ केला, त्याचे हे टोक आपल्याला कोणी दाखवले नाही.

मेसन यांनी सुचवलेला शब्द मात्र ‘गैरकारभार’ असा होता. त्यावर जेम्स मॅडिसन यांची हरकत अशी की, इतका सैल शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीपुरताच पदावर राहील. हरकत रास्त होती. मेसन यांनी गैरकारभार मागे घेतला आणि त्या जागी ‘राज्याविरुद्ध अन्य हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ हे शब्द घातले. आठ राज्ये बाजूने, तीन विरुद्ध. पुढे भाषा घासूनपुसून घेणाऱ्या समितीच्या हातून ‘विरुद्ध’चा तो तुकडा गळाला. मसुदे सुबक करणाऱ्यांनी किती अनर्थ केले आहेत हे मला कोणी विचारावे. त्यांच्यातलीच मी एक आहे. गळालेले ते दोन शब्द राहिले असते तर पुढची दोनशे वर्षे चाललेला निम्मा वाद उद्भवला नसता, असे मला वाटते.

भाचीच्या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र त्याच वर्षीच्या २० जुलैच्या चर्चेत होते. मुदतीच्या निवडणुका असताना महाभियोग हवाच कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. नॉर्थ कॅरोलायनाचे विल्यम डेव्ही म्हणाले की, पदावर असताना ज्याला हात लावता येत नाही तो पुन्हा निवडून येण्यासाठी कोणताही मार्ग वर्ज्य मानणार नाही. मेसन यांचा प्रश्न अधिक टोकदार होता : भ्रष्ट मार्गाने पद मिळवणाऱ्याने तोच अपराध पुन्हा करावा आणि त्यामुळेच शिक्षेतून सुटावे काय? बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या थंड शैलीत सांगितले की, महाभियोगाची सोय नसते तेव्हा लोक खून करून मोकळे होतात आणि त्यात त्या माणसाचा जीव जातोच, शिवाय आपली बाजू मांडण्याची संधीही जाते. गूव्हर्नर मॉरिस (‘गूव्हर्नर’ हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे) यांनी तर चर्चा ऐकता ऐकता आपले मत बदलले आणि तसे उभे राहून सांगितले. एका दिवसात मत बदलल्याची कबुली देणारा लोकप्रतिनिधी पाहायला मिळाला, म्हणून ती पाने मी दोनदा वाचली.

‘लोक बघतीलच’ हे उत्तर कुठे तोकडे पडते, ते इथे कळते. ज्या गैरवर्तनाने ‘लोकांचे बघणे’च बिघडवले जाते, त्याचा निवाडा लोकांवर सोपवता येत नाही. माझ्यापुरती कसोटी मी इथून घेतली. राष्ट्राध्यक्षाचे वर्तन किती लाजिरवाणे आहे किंवा दंडसंहितेच्या कोणत्या कलमात बसते, हे नंतर पाहावे. आधी पाहावे ते हे की, त्याला जाब विचारण्याची जी नेहमीची साधने आहेत, निवडणूक, न्यायालय, संसदेची चौकशी, ती त्याने पदाच्याच बळावर निकामी केली आहेत काय.

ही कसोटी घेऊन जुनी प्रकरणे चाळली तेव्हा समाधान झाले असे म्हणवत नाही. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर ठेवलेला मुख्य आरोप म्हणजे सिनेटला न विचारता युद्धमंत्री स्टँटन यांना काढले, हा. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचे हक्क पायदळी तुडवले जात असताना यादवी युद्धानंतरची दक्षिणेतली पुनर्रचना त्यांनी पदोपदी अडवली, हा त्यांचा खरा अपराध. पण आरोपपत्र बेतले गेले ते मंत्र्याच्या बडतर्फीवर आणि तेही मुळात डळमळीत असलेल्या कायद्याखाली. दोषी ठरवायला सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात; पडली ३५ विरुद्ध १९, म्हणजे एक मत कमी. अपराध खरा होता, पण कलम चुकीचे लावले म्हणून फाइल परत आली, असे सरकारी भाषेत म्हणता येईल.

रिचर्ड निक्सन यांचे प्रकरण सर्वांत स्वच्छ मानले जाते आणि ज्यावर मतदान होऊन मंजुरी मिळाली त्यापुरते ते आहेही. जुलै १९७४ च्या अखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने तीन आरोपकलमे मंजूर केली : वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात चोर घुसले त्याच्या चौकशीत अडथळा, सत्तेचा दुरुपयोग आणि समितीने मागितलेले पुरावे देण्यास नकार. कर खाते, एफबीआय, सीआयए ही सरकारी यंत्रणा त्यांनी स्वतःच्या विरोधकांवर आणि स्वतःच्या बचावासाठी वापरली. जाब विचारणारे हातच बांधून ठेवण्याचा याहून ठळक नमुना सापडणे कठीण. ५ ऑगस्टला ही चौकशी रोखण्याचा निक्सन यांचाच बेत ऐकू येणारी ध्वनिफीत बाहेर आली आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. सभागृहात मतदान व्हायची वेळच आली नाही.

मी अडखळले ती नामंजूर झालेल्या दोन कलमांपाशी. त्यांतले एक त्यांच्या आयकराचे होते. ते पदाच्या वापरापेक्षा खासगी लबाडीचे अधिक, म्हणून गळाले ते ठीकच. दुसरे होते कंबोडियावरच्या गुप्त बॉम्बफेकीचे. १९६९ पासून तटस्थ देशावर बॉम्ब टाकले जात होते आणि काँग्रेसपासून, म्हणजे तिथल्या संसदेपासून, ते लपवले जात होते. हे कलमही २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले गेले. कार्यालयात घुसलेले चोर लपवणे पद घालवण्याइतके गंभीर, आणि एका देशावर चाललेले युद्ध लपवणे तितके नाही! माझ्या कसोटीत ते कलम नक्की बसते, कारण युद्धाचा जाब विचारण्याचा अधिकार ज्या काँग्रेसचा, तिलाच अंधारात ठेवले गेले होते. पण त्या बॉम्बफेकीची कल्पना काँग्रेसमधल्या काही ज्येष्ठांना होती आणि सामील असलेल्यांनी न्याय करायचा तर तो असाच होतो. इथे कायदा संपतो आणि ज्यांच्या हाती तो आहे त्यांची सोय सुरू होते.

बिल क्लिंटन यांच्याबद्दलचे माझे मत दोनदा बदलले. १९९८ साली आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत क्लिंटन आणि व्हाइट हाउसमध्ये काम शिकायला आलेली मोनिका लेविन्स्की यांच्या संबंधांच्या प्रकरणावर भरपूर विनोद झाले आणि मीही हसले. शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा आहे, साक्षीदारांना वळवणे हाही आहे, त्यामुळे निव्वळ गुन्ह्याची कसोटी लावली तर क्लिंटन जायला हवे होते. माझ्या कसोटीने ते जात नाहीत, कारण नेहमीची साधने शाबूत होती. न्यायालयाने पदावर असतानाच त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले, दंड बसवला आणि नंतर त्यांची वकिलीची सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटमध्ये दोन आरोपांवर ४५ आणि ५० मते पडली. लागत होती ६७. निर्णय योग्य झाला, असे आजही मानते. तरीही एक खडा दाताखाली राहतोच. कचेरीतला सर्वांत मोठा साहेब आणि बिनपगारी काम शिकायला आलेली बावीस वर्षांची मुलगी, यांच्यातली गोष्ट ‘खासगी’ होती, हे आम्ही सगळ्यांनी किती सहज धरून चाललो! कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता, आणि तरी आमच्या टेबलावर त्या मुलीच्या बाजूने कोणी चकार शब्द काढला नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला. इथे भाषांतरकाराची एक तक्रार नोंदवते : अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने दोषारोप ठेवला की महाभियोग झाला, दोषी ठरवून काढण्याचे काम सिनेटचे. मराठी बातम्यांमध्ये या दोन पायऱ्यांची सरमिसळ इतकी होते की, ‘महाभियोग मंजूर’ हे वाचून माझ्या शेजारच्या आजोबांनी ट्रम्प गेले म्हणून पेढे मागितले होते. पहिल्या वेळी, डिसेंबर २०१९ मध्ये, आरोप असा होता की, काँग्रेसने युक्रेनसाठी मंजूर केलेली सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीची घोषणा पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न केला. बचावाचे एक म्हणणे होते की, यात कोणता दंडनीय गुन्हा सांगितलेला नाही. दुसरे, निवडणूक तोंडावर आहे, लोक ठरवतील. पण आरोप त्याच निवडणुकीत ढवळाढवळ केल्याचा होता! डेव्ही आणि मेसन यांनी २३२ वर्षांपूर्वी हाच पेच सांगितला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये स्वपक्षातून एकट्या मिट रॉम्नी यांनी एका आरोपावर त्यांना दोषी ठरवले. त्या दिवशी भाचीचा एका ओळीचा निरोप आला : ‘मावशी, तुझा मेसन आठवला.’

६ जानेवारी २०२१ नंतरचा दुसरा महाभियोग माझ्या दृष्टीने वादाच्या पलीकडचा आहे. हरलेल्या निवडणुकीची मतमोजणी जमावाच्या बळावर थांबवण्याला चिथावणी, हा आरोप सिद्ध झाला असेल तर त्या विशेषणात बसणारे याहून उंच काही उरत नाही. १३ फेब्रुवारीला ५७ सदस्यांनी दोषी म्हटले, त्यांत सात ट्रम्प यांच्याच पक्षाचे. दहा मते कमी पडली. सिनेटमधील त्या पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष ठरवण्याच्या बाजूने मत देऊन लगेच भाषण केले की, घडल्या प्रकाराला ट्रम्प व्यवहारतः आणि नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत, परंतु आता ते माजी झाल्यामुळे सिनेटला अधिकार उरत नाही आणि फौजदारी न्यायालये आहेतच. आता गंमत पाहा. ज्या हेस्टिंग्जचे उदाहरण देऊन ही तरतूद घडली, ते १७८५ सालीच पद सोडून इंग्लंडला परतले होते. त्यांच्यावर महाभियोग झाला तेव्हा ते माजीच होते. त्यांचा खटला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभा राहिला तो दिवसही १३ फेब्रुवारीचाच, सन १७८८. सात वर्षे चालून १७९५ मध्ये तेही निर्दोष सुटले.

पुढे १ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, राष्ट्राध्यक्षाच्या मूळ संवैधानिक अधिकारांतील कृतींना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे आणि बाकीच्या पदीय कृतींनाही निदान गृहीत धरलेले संरक्षण आहे. म्हणजे सिनेटने न्यायालयाकडे बोट दाखवले आणि न्यायालयाने बरेचसे दार लावून घेतले. नोव्हेंबरात लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहणाऱ्या फाइली मी आयुष्यभर पाहिल्या. त्यांचा शेरा बहुधा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ असाच असतो.

कोणी म्हणेल, दोन तृतीयांशाची अटच मोडीत काढावी. मला तसे वाटत नाही. साध्या बहुमतावर राष्ट्राध्यक्ष जाऊ लागले तर मॅडिसन यांची भीती खरी ठरेल. दक्षिण कोरियातही संसदेत दोन तृतीयांश लागतातच, पण शेवटचा शब्द संविधान न्यायालयाचा असतो आणि २००४ मध्ये त्या न्यायालयाने मोजमाप लिहून ठेवले : कायद्याचा भंग झाला एवढे पुरेसे नाही, तो इतका गंभीर हवा की निवडून आलेल्या माणसाला काढल्याने होणाऱ्या हानीपेक्षा संविधान राखण्याचा लाभ मोठा ठरावा. त्याच मापाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून वाचले, आणि लष्करी कायदा पुकारणारे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल एप्रिल २०२५ मध्ये आठही न्यायमूर्तींच्या एकमताने गेले. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ६१ मध्ये तर राष्ट्रपतींसाठी ‘संविधानाचा भंग’ हे एकच कारण आहे. ते आजवर कोणाला लावण्याची वेळ आली नाही, कारण आपल्याकडे खरी सत्ता असलेल्या पंतप्रधानांना घालवायला कारणच लागत नाही, अविश्वास ठराव पुरतो.

या फरकाशी माझी ओळख मात्र फार जुनी आहे. माझे वडील ग्रामसेवक होते. मी शाळेत असताना त्यांच्या एका गावच्या सरपंचांविरुद्ध तक्रार आली. अविश्वास ठरावाला लागणारी मते विरोधकांकडे नव्हती, म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली, गैरवर्तणुकीबद्दल काढावे, असा अर्ज वर गेला आणि वडिलांकडे अहवाल मागवला गेला. हिशेब चोख होता. एका पैशाची अफरातफर नव्हती. सरपंच स्वभावाने गोड, अडल्यानडल्याला धावून जाणारे. फक्त त्यांनी प्रोसिडिंग बुक घरी नेऊन ठेवले होते आणि सभेच्या नोटिसा काढू देत नव्हते. वडील मला सायकलवर डबलसीट घेऊन ते मागायला गेले, तेव्हा माजघरातल्या कणगीवर ठेवलेले ते तांबड्या कापडी बांधणीचे पुस्तक मी पाहिले आहे. त्यावर भाताचा तूस पडला होता. आम्हाला चहा मिळाला, पुस्तक मिळाले नाही.

रात्री कंदिलाजवळ बसून वडिलांनी अहवाल लिहिला, आणि माझे अक्षर बरे म्हणून त्याची स्थळप्रत माझ्याकडून लिहून घेतली, त्यामुळे ते वाक्य मला अजून तोंडपाठ आहे : ‘सरपंचांनी रकमेचा अपहार केल्याचे दिसून येत नाही, तथापि दप्तर स्वतःच्या ताब्यात ठेवून त्यांनी सभा होऊ दिलेली नाही, सबब त्यांना विचारणा करण्यास पंचायतीस जागाच उरलेली नाही.’

प्राध्यापिकाबाईंना अखेर मी ‘राज्यसंस्थेविरुद्धचे अन्य गंभीर अपराध व पदाचा दुराचार’ असे शब्द दिले. १७८७ साली समितीने गाळलेले ‘राज्यसंस्थेविरुद्धचे’ हे मी परत घातले आहे. मूळ पाठात ते नाही, आणि भाषांतरकाराने असे करू नये, हे मला ठाऊक आहे.